ईस्ट फेसिंग फ्लॅट, मामाचा वाडा आणि जयसिंगपूरच्या गल्ल्या

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला कोण जातं, असं ऑफिसात सगळ्यांनीच विचारलं. झालं असं की मामेभाऊ फ्लॅट घेतोय. मी पुण्यात इमारतींच्या ऊर्जेचे हिशेब करणाऱ्या ऑफिसात आहे, म्हणजे कुठल्या भिंतीतून किती ऊन आत येणार हे कंप्युटरवर मोजून देते. म्हणून "ताई, तू एकदा बघून सांग" असा त्याचा फोन आला. पाठोपाठ मामीचा: "ये की गं, आंबं आल्यात." दुसऱ्या फोननंतर रजा टाकली.

गुरुवार: शिवाजी पेठ

तावडे हॉटेलच्या बसथांब्यावर उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि डांबर मऊ झालं होतं. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "पाव्हणं, उन्हाचं का आलासा?" उत्तर द्यायचीही ताकद नव्हती.

मामाचं घर जुन्या पद्धतीचं. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परडं. दगडी जोतं, त्यावर दोन फूट जाड मातीच्या भिंती, वर माळा आणि मंगलोरी कौलं. सोप्यात पाऊल टाकलं आणि दहा मिनिटांत घाम वाळला. कामाची सवय सुटत नाही, म्हणून पर्समधली टेंपरेचर गन काढली (कोरोनात कपाळावर धरायचे तसलीच, फक्त भिंतींसाठीची). माजघराची भिंत 29 अंश. मामाने दहाएक वर्षांपूर्वी परड्यात स्लॅबची खोली बांधली आहे, "गच्ची पाहिजे" या एका हट्टापायी. संध्याकाळी सात वाजता, सूर्य गेल्यावर, त्या खोलीचं छत आतून 40 अंश. मामीने गन हातात घेऊन आधी छतावर धरली, मग मामाच्या टकलावर. "ह्यास्नी पण तितकंच हाय."

पाच इंची स्लॅबवर दुपारी पडलेलं ऊन आतल्या बाजूला उतरायला चार-पाच तास लागतात, म्हणजे माणसं घरी येऊन टेकतात नेमकी तेव्हा. दोन फुटी मातीच्या भिंतीला हेच काम करायला अर्धा दिवस लागतो आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. पण सगळं श्रेय मातीला देऊ नये. मामाच्या घराच्या दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या आहेत. उन्हाला उघड्या फक्त पुढची आणि मागची. समोरचं घर बारा-चौदा फुटांवर, त्यामुळे पुढच्या भिंतीवरही ऊन मोजकंच. ही पेठेच्या रचनेची करामत. हेच घर उचलून माळावर ठेवलं तर माती तीच राहील आणि घर तापेल.

वाड्यांचं कौतुक करणारे सहसा वाड्यात राहत नाहीत, म्हणून मामीची बाजूही सांगते. "मी दुपारी माजघरातच पडतो, गार असतंय. पर दिवसा लाईट लावल्याबिगर सुई दिसत न्हाई, आन पावसाळ्यात कपाटातली लुगडी कुबट." खरं आहे. माजघराला खिडकी नाही, उजेड फक्त दारांतून.

मामाला सोलर हवं होतं. स्लॅबच्या खोलीवर सावली न पडणारी साधारण दीडशे चौरस फूट जागा निघाली. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट धरा, म्हणजे दीड किलोवॅट, दिवसाला सहा युनिट. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये अनुदान आहे, तीन किंवा जास्तीला एकूण 78,000. मी म्हटलं, पॅनेल उंच स्टँडवर घ्या, खाली हवा खेळू द्या, स्लॅबला फुकटची सावली होईल. मामाला विजेपेक्षा सावलीचा मुद्दा पटला.

रात्री गंगावेशीत धारेचं दूध. म्हैस समोर उभी, पेला हातात, वर चार बोटं फेस. पुण्याच्या माणसांनी साखर आधीच सांगावी, नाहीतर ते आपल्या मनाने घालतात आणि त्यांचं मन मोठं आहे.

शुक्रवार: महाद्वार रोड, शाहूपुरी आणि वळीव

सकाळी मिसळ. इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पाव मागून स्वतःचं हसं करून घेऊ नये. साडेनऊच्या आत पोचलात तर बसायला मिळतं.

मग अंबाबाईचं दर्शन. मंदिर पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि जानेवारी-फेब्रुवारीत 31, 1, 2 या तारखांना मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. आधी पायांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. वर्षातून दोनदा का, तर 21 डिसेंबरच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, पश्चिमेपासून दक्षिणेकडे जेमतेम अठरा अंशांवर. आत्ता एप्रिलात तो पश्चिमेच्या उत्तरेला गेलाय.

महाद्वार रोडवर हळदीकुंकवाच्या दुकानात उभी राहून हे मनाशी जुळवत होते. दुकानदार काकांनी विचारलं, "वर काय बघतासा बाई?" सांगितल्यावर ते गल्ल्यावरून उठून बाहेरच आले आणि बोट दाखवत सुरू झाले: कुठली गच्ची आड येते, कुठल्या पाण्याच्या टाकीचा वाद झाला, कुठला कोपरा काढला. किरणोत्सवाच्या वाटेतल्या बांधकामांची मापं इथे वर्षानुवर्षं घेतली जातात आणि पेपरात त्याच्या बातम्या येतात. मला गंमत वाटली. इमारत किती उंच झाली की कोणाचं ऊन अडतं, रस्त्याची रेषा सूर्याशी कशी जुळते, हे शहर नियोजनातले सगळ्यात किचकट प्रश्न. नगररचना खात्याबाहेर ते कोणाला माहीत नसतात. आणि इथे हळदीकुंकू विकणारा माणूस अंशांत बोलतो. देवीसाठी जे ऊन मोजतो ते आपल्या बेडरूमसाठी मोजलं असतं तर मला नोकरी राहिली नसती.

दुपारी भावाबरोबर शाहूपुरीत. त्याचं ऑफिस इथेच आणि भाड्याचं घर चालत सात मिनिटांवर. रेल्वे 1891 साली आली आणि 1895 साली शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही व्यापारपेठ वसवली. गुळाचा व्यापार इथून वाढला. जुन्या पेठांतून इकडे आलं की रस्ता सरळ झाल्याचं पायांना कळतं.

भाऊ मला मुद्दाम कुंभार गल्लीत घेऊन गेला. गणपतीचे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले. एका घरातल्या आजोबांनी खांद्याच्या वर हात नेऊन भिंतीवरची पुराची खूण दाखवली. "एकवीस सालचं. एकोणीसचं हितनं जरा खाली." जयंती नाला जवळच आहे. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी मागे सरतं आणि गल्लीत शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. मी मनातल्या मनात मातीच्या भिंतींचं कौतुक चालवलं होतं, ते तिथे थांबलं. पुरात माती उभी राहत नाही. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कुठून जाते, हे आधी बघायचं, भिंत कशाची हे नंतर.

शहर एका बाजूने नदीने अडवलेलं. दुसरीकडे महापालिका 1972 साली झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून चालूच. त्यामुळे नवी घरं हद्दीबाहेरच्या गावांत वाढत गेली. त्या 42 गावांसाठी 2017 साली वेगळं प्राधिकरण नेमलं. भावाचा फ्लॅटही त्याच वाटेवर, कळंब्याच्या पुढे.

साडेपाचला राजारामपुरीत खरेदी करताना आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. गारा, धूळ, उडालेले पत्रे, सगळं वीस मिनिटांत. आम्ही एका बेकरीच्या छपराखाली. शेजारी उभ्या बाईंनी अनोळखी असूनही पिशवीतला गरम खारीचा पुडा पुढे केला, "घ्या की, भिजून मऊ पडायच्या आत." रात्री मामाच्या स्लॅबचं छत 31 अंशांवर आलं होतं. मामा म्हणाला, एसीचा मेकॅनिक येऊन गेला.

शनिवार: जयसिंगपूर

हा दिवस माझ्या हट्टाचा. मिरजेकडे जाणारी सकाळची पॅसेंजर पकडली. खिडकीतून ऊस, वीटभट्ट्या, पुन्हा ऊस. रुकडी, हातकणंगले करत तासाभरात जयसिंगपूर. शाहू महाराजांनी 1917 च्या सुमारास वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं हे गाव. आधी आखणी, मग घरं. काटकोनात छेदणारे रस्ते आणि क्रमांकाच्या गल्ल्या. पत्ता विचारला की लोक देवळाची खूण सांगत नाहीत, आकडा सांगतात.

चौकात चहा घेतला. गाडेवाल्याला म्हटलं, तुमच्या गावचे रस्ते फार सरळ आहेत. तो म्हणाला, "सरळ हैत म्हणून तर गाड्या जोरात येत्यात."

आता थोडं कामाचं, कारण यासाठीच मी आले होते. अशा आखीव गावात प्लॉट रस्त्याकडे अरुंद आणि आत खोल असतो, घरं एकाला एक लागून. रस्ता पूर्व-पश्चिम जात असेल तर घरांची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला येतात आणि पूर्व-पश्चिमेच्या लांब भिंती शेजाऱ्यांच्या आड झाकल्या जातात. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर उलट. दर्शनी भिंत सकाळी तापते, मागची संध्याकाळी, किंवा त्याच्या उलट, आणि झाकायला कोणी नाही. उत्तर-दक्षिणेचं ऊन वरून येतं, अडीच फुटी छज्ज्याने अडतं. पश्चिमेचं आडवं येतं, त्याला छज्जा दिसतच नाही.

2018 साली ऊर्जा दक्षता ब्यूरोने घरांसाठी इको निवास संहिता काढली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या आत ठेवा, असा तिचा गाभा. तिच्या गणितात प्रत्येक दिशेला गुणक आहे. आपल्या अक्षांशाला उत्तरेच्या भिंतीचा 0.66 च्या आसपास, पश्चिमेचा 1.16 च्या. म्हणजे तीच वीट, तीच काच, तेच क्षेत्रफळ, आणि उष्णता पावणेदोन पट. आर्किटेक्ट मग महागडी काच, पोकळ ब्लॉक, छतावर पांढरा रंग असं करत तो फरक भरून काढतो. पण प्लॉटचं तोंड ठरतं लेआउटच्या नकाशावर, आर्किटेक्टला फोन जायच्या कितीतरी आधी. ज्याने तो रस्ता आखला त्याने पुढच्या शंभर वर्षांच्या वीजबिलातला एक आकडा लिहून ठेवलेला असतो. शाहूकाळात आखणारे माल, गाड्या आणि बाजार डोळ्यांसमोर ठेवून आखत होते, एसीचा प्रश्नच नव्हता. आजचे लेआउट पाडणारे मात्र जास्तीत जास्त प्लॉट कसे बसतील एवढंच बघतात, आणि त्यांच्याकडे तर कंप्युटर आहे.

बाराच्या पुढे गल्ल्यांतून फिरताना एक गोष्ट नीट कळली. एप्रिलच्या मध्याला भरदुपारी इथे सूर्य डोक्यावरून जेमतेम आठ अंश कललेला असतो. तेव्हा दुमजली इमारतीचीही सावली रस्त्यावर पडत नाही. रुंद रस्ता वाऱ्याला बरा, पण झाड नसेल तर तो तवा. एका गल्लीत एकच कडुलिंब, त्याखाली तीन स्कूटर, एक भाजीची गाडी, दोन कुत्री आणि मी. डांबराची मापं घेतली: उन्हात 58, झाडाखाली 36. गन बंद करून रसाच्या गुऱ्हाळात शिरले.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी जाऊन अकरापर्यंत फिरून घ्या. भडंग घेतल्याशिवाय परतू नका, आणि घेताना लसूण जास्त असलेलं मागा. परतीला गाडीची वेळ जुळली नाही तर एसटी भरपूर.

रविवार: कळंब्याच्या पुढे

एजंटने सकाळी दहाची वेळ दिली होती. मी चारची मागून घेतली. (फ्लॅट बघणाऱ्या सगळ्यांना ही एक गोष्ट सांगते: दहाला कुठलाही फ्लॅट छान दिसतो.)

वाटेत गुंठेवारीची वस्ती लागली. एकेक गुंठा, 1,089 चौरस फूट, त्यावर दोन-तीन मजले. दोन घरांमध्ये दीड फुटाची फट. पेठेत भिंत सामाईक होती म्हणून ऊन लागत नव्हतं. नियमाप्रमाणे सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडलं असतं तर वारा तरी खेळला असता. इथे ना भिंत सामाईक, ना वारा. त्या फटीत दोन्ही घरांचे एसी एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडत होते. पण हिणवायचं कोणाला? ज्यांना परवडणारा प्लॉट आखून कोणी दिला नाही, त्यांनी स्वतः आखून घेतला.

भावाची इमारत सात मजली, उत्तर-दक्षिण लांब, मध्ये कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना फ्लॅट. एजंट गोड बोलणारा पोरगा. "मॅडम, हा ईस्ट फेसिंग. वास्तूप्रमाणे परफेक्ट. म्हणून दीड लाख जास्त."

दार उघडलं. हॉलच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत काच, दोन्ही बेडरूमच्या खिडक्या त्याच बाजूला, आणि चारचं ऊन सरळ स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पसरलेलं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी मोबाइलवर कंपास उघडून त्याच्या हातात दिला.

दार पूर्वेला म्हणजे फ्लॅट कॉरिडॉरच्या पश्चिमेला. पूर्वेला फक्त दार, तेही कॉरिडॉरमध्ये, तिथे सूर्य कधीच येणार नाही. सगळ्या खिडक्या पश्चिमेला. जास्तीचे दीड लाख या उन्हाचे.

"पडदे लावले की झालं," एजंट म्हणाला. पडदा आत असतो, तोवर ऊन काचेतून घरात आलेलं असतं. अडवायचं तर बाहेरून, उभ्या झडपा किंवा बांबूची चीक. "एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचं रूप, बदलता येत नाही, मॅडम." मग मी समोरचा, दार पश्चिमेला असलेला फ्लॅट मागितला. तोच नकाशा, आरशातला. खिडक्या पूर्वेला, आत सावली, दूर डोंगर. वाऱ्याचं तेवढं उणं: इथला वारा पश्चिमेचा, तो कॉरिडॉर ओलांडून येणार नाही. पण या फ्लॅटला कोपरा होता, दक्षिणेला एक खिडकी, आणि वारा तिरका घेता येतो. तसं ऊन अडवता येत नाही.

लेआउटचा नकाशा मागितला, उत्तरेचा बाण असलेला. पूर्वेचा प्लॉट मोकळा होता, बागेसाठी राखीव. अशा आरक्षणाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण निदान कागदावर आहे.

परत येताना दुसरा हिशेब केला. भाऊ आणि त्याची बायको, दोघंही आज शाहूपुरीत चालत कामाला जातात. इथून जाऊन-येऊन प्रत्येकी सोळा किलोमीटर, दोन स्कूटर. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे महिन्याला दीडेकशे युनिट. आज त्यांचं अख्ख्या घराचं वीजबिल तेवढ्याच युनिटचं येतं. घर कितीही थंड घेतलं तरी जागेपायी घराची ऊर्जा दुप्पट. केएमटीची (महापालिकेची) बस दाराशी दहा मिनिटांनी आली तर गणित फिरेल. बिल्डरच्या पत्रकात स्विमिंग पूल होता, बसथांबा नव्हता. "मग शाहूपुरीतच बघू?" भाऊ म्हणाला. तिथला भाव सांगून त्यानेच स्वतःला उत्तर दिलं.

रात्री तांबडा-पांढरा, आणि जेवताना मामीच्या हाती सूत्रं. पश्चिमेचं दार म्हटल्यावर तिने भाकरी परतायची थांबवली. "पोराचं सासरं काय म्हणतील?" मामाने अंबाबाईचं तोंडही पश्चिमेलाच आहे असं बजावलं. त्यावर मामी म्हणाली, "ती देवी हाय, तिला लाईटबिल येत न्हाई."

सोमवारी साताऱ्याच्या पुढे भावाचा मेसेज आला. सासरे अजून नाहीच म्हणतायत, पण एजंट पश्चिमेच्या दाराचा फ्लॅट आणखी पन्नास हजारांनी उतरवायला तयार आहे. कोणाला नको असतो म्हणे तो. भाऊ बुधवारी पुन्हा जाणार आहे, दुपारी चारला, सासऱ्यांना घेऊन.